आई हा शब्द कोणाचा?

गेल्या नाताळात आमच्या धर्मग्रामातील एक परिचारिका इंग्लंडहून महिन्याच्या रजेवर आली होती. तेथील एका रुग्णालयाच्या प्रसूतिविभागात ती काम करते. मिस्सा आटोपल्यावर ती कचेरीत येऊन बसली आणि म्हणाली, "फादर, एक विचारायचे होते. कुमसारात सांगावे असे ते पाप आहे की नाही, हेच मला कळत नाही."

तिची हकिगत थोडक्यात अशी. तिच्या विभागात एक गर्भवती व्यक्ती दाखल झाली. जन्माने स्त्री, परंतु गेली काही वर्षे पुरुष म्हणून वावरणारी, पुरुषाचे नाव धारण केलेली. आपल्याला 'आई' म्हणू नये, एवढीच त्या व्यक्तीची विनंती होती. आमच्या या भगिनीने ती पाळली. नावाने हाक मारली, कळा सुरू झाल्या तेव्हा पाठ चोळली, बाळ बाहेर आले ते आपल्या हातांत झेलले. "पण फादर," ती म्हणाली, "ते बाळ कोणाच्या पोटातून आले हे मी या डोळ्यांनी पाहिले. आणि आईला आई म्हटले नाही. मग मी खोटे बोलले का?"

आम्ही तिला त्या वेळी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. तिची रजा संपली, ती परत गेली, प्रश्न मात्र आमच्या टेबलावर राहिला. तेव्हा द्यावयाचे राहून गेलेले उत्तर आज येथे लिहीत आहोत.

हा प्रश्न एकट्या तिच्या रुग्णालयाचा नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन येथील सरकारी रुग्णालयांनी प्रसूतिसेवेतील भाषेविषयी एक मार्गदर्शिका काढली. 'माता' या शब्दाच्या जोडीला 'जन्म देणारा पालक', 'स्तनपान' या शब्दाच्या जोडीला 'छातीवर पाजणे', असे काही शब्दप्रयोग तीत सुचविलेले होते. स्त्रीदेह घेऊन जन्मलेल्या, परंतु स्वतःला स्त्री न मानणाऱ्या व्यक्तींना बाळंतपणात परके वाटू नये, हा हेतू. वृत्तपत्रांनी 'आई शब्दावर बंदी' असा गवगवा केला. वस्तुतः 'स्त्री' व 'माता' हे शब्द काढून टाकावयाचे नाहीत, त्यांच्यासोबत नवे शब्द ठेवावयाचे आहेत, असे त्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटले होते. हा संयम पुढे सर्वांनीच पाळला असे नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर एक वाक्य छापून आले. त्यात स्त्रियांचा उल्लेख 'अमुक अवयव असलेली शरीरे' असा होता. तो अवयव कोणता हे येथे लिहिण्याचे कारण नाही. जगभरातून निषेध झाला आणि संपादकांना क्षमा मागावी लागली.

हा सारा मजकूर आम्ही धर्मग्रामातील एका बैठकीत सांगितला, तेव्हा एका गृहस्थाने विचारले, "मग काय फादर, उद्या बाप्याला बाळंतीण म्हणायचे?" सगळे हसले. आम्हीही हसलो.

आणि हसता हसता आम्हांला काही वर्षांपूर्वीचा मे महिन्यातील दुसरा रविवार आठवला. मातृदिन म्हणून युवकांनी टोपलीभर सोनचाफा आणला होता. प्रवचन संपल्यावर आम्ही मोठ्या उत्साहाने म्हणालो, "ज्या ज्या माता येथे उपस्थित आहेत, त्यांनी उभे राहावे." माता उभ्या राहिल्या, मुलांनी फुले वाटली, टाळ्या झाल्या. चौथ्या बाकावर एक तरुण स्त्री बसून होती. तिच्या सासूने तिच्या खांद्यावर हात ठेवला होता, तो उठवण्यासाठी की बसवण्यासाठी हे आम्हांला वेदीवरून कळले नाही. आठव्या महिन्यात तिचे बाळ पोटातच गेले होते. त्याला अजून दोन महिनेही झाले नव्हते. त्या बाळाच्या मातीला आम्हीच उभे होतो, आणि आम्हीच विसरलो होतो.

ती आई होती की नव्हती? उभी राहिली असती तर चार माना वळल्या असत्या. बसून राहिली, तर आपल्याच लेकराला नाकारल्यासारखे झाले. आमच्या एका वाक्याने तिला या दोहोंतून एक निवडावयास लावले. वाक्यात व्याकरणाची चूक नव्हती, श्रद्धेला बाध येईल असेही काही नव्हते. तरी ते वाक्य उच्चारले नसते तर बरे झाले असते. नोव्हेंबरात ती मृतांच्या स्मरणासाठी नाव द्यायला आली. बाळाला तिने मनोमन नाव ठेवले होते. ते आम्ही यादीत घातले. मातृदिनाविषयी ती काही बोलली नाही आणि आम्हांलाही विषय काढण्याचे धैर्य झाले नाही.

शब्द माणसाला बाहेर ठेवू शकतो, ही गोष्ट ब्रायटनहून आयात करावयाची गरज नाही. लूकच्या शुभवर्तमानात गाब्रिएल दूत मरियेला अलीशिबेची वार्ता सांगतो, तेव्हा लोक तिला वांझ म्हणतात याचा तो उल्लेख करतो. नाझरेथच्या एका मुलीला तिच्या आप्त स्त्रीची ओळख पटवून द्यावयाची तर ती लोकांनी ठेवलेल्या नावावरून! अलीशिबाही गर्भवती झाल्यावर जे बोलते त्यात मूल होण्याच्या आनंदाआधी लोकांत होणारी मानहानी टळल्याचा निःश्वास आहे. आपल्या मराठीतील 'वांझोटी' या शब्दाने किती संसारांत काय काय केले, ते प्रायश्चित्ताच्या खुर्चीत बसणाऱ्याला विचारावे. आणि तान्ह्या जिवाला तरी भाषेने कुठे सोडले आहे? सातारा जिल्ह्यात 'नकोशी' किंवा 'नकुसा' अशी नावे घेऊन वाढलेल्या २८० हून अधिक मुलींचे २०११ साली एका सरकारी समारंभात पुन्हा बारसे करावे लागले. मुलीवर मुलगी झाली म्हणून पाळण्यातच ठेवलेले ते नाव शाळेच्या हजेरीपटापर्यंत गेले होते.

आमच्या ख्रिस्तसभेचे दप्तरही याबाबतीत अगदीच निर्दोष नाही. १९१७ च्या धर्मसंहितेनुसार अनौरस म्हणून नोंदला गेलेल्या मुलाला पुढे धर्मगुरुपदाच्या दीक्षेत अडथळा येत असे. मुलाचा अपराध एवढाच, की तो जन्मला. १९८३ च्या संहितेत तो अडथळा उरला नाही. बाळंतपणानंतर प्रथम चर्चला येणाऱ्या स्त्रीला जुन्या काळी विशेष आशीर्वाद दिला जाई, पण त्याचा हक्क विवाहित मातेलाच होता. स्नानसंस्काराच्या वेळी धर्मगुरू तान्ह्या बाळालाच प्रश्न विचारीत आणि धर्मपिता-धर्ममाता उत्तरे देत. ज्यांचे ते मूल, त्यांना त्या विधीत बोलण्यासारखे फारसे काही नव्हतेच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ साली, बालकांच्या स्नानसंस्काराचा नवा विधी आला तेव्हा प्रश्न आईवडिलांना विचारले जाऊ लागले, आणि अखेरीस आईसोबत बापालाही आशीर्वाद मिळू लागला. म्हणजे बाळाच्या जन्माभोवतीची आमची भाषा आम्हीही बदलली आहे, आणि ती बदलताना कोणी बाहेर राहू नये हाच विचार होता. तेव्हा दुसऱ्या कोणी तसा विचार केला की लगेच हसू नये.

आता त्या परिचारिकेचा प्रश्न. ती खोटे बोलली का?

असत्याची मीमांसा संत ऑगस्टीन यांनी केली, संत थॉमस अक्वायनास यांनी केली. मनात एक असताना मुखाने दुसरे सांगणे, तेथे असत्य. सेमिनरीत हे आम्ही पाठ केले होते. परंतु मुखातून निघणारा प्रत्येक शब्द हा 'सांगणे' नसतो. हाक ही साक्ष नव्हे. शेजारच्या गृहस्थाला आपली मुले 'मामा' म्हणतात, म्हणून तो त्यांच्या आईचा भाऊ होत नाही. आपल्या जुन्या एकत्र कुटुंबांत कित्येक मुले आपल्या जन्मदात्रीला 'वहिनी' म्हणत, कारण घरातील काका-आत्या तिला तशी हाक मारीत. त्या माउल्यांच्या मातृत्वात त्यामुळे तिळमात्र उणेपण आले नाही आणि ती मुलेही खोटी ठरली नाहीत. सर्वांत मोठे उदाहरण तर आम्हीच. ज्याला स्वतःचे लेकरू नाही अशा माणसाला सारा गाव 'फादर' म्हणतो, आणि कोणी त्याला असत्य भाषण म्हणत नाही.

हाक ज्याला मारावयाची त्याचा तिच्यावर मोठा अधिकार असतो. कळा देत असलेल्या जिवाला ज्या शब्दाने भीती वाटते तो शब्द टाळून त्याच्या नावाने हाक मारणे, यात आम्हांला पाप दिसत नाही. उलट तिच्या हातून त्या वेळी धर्म घडला, असे आम्ही म्हणू. स्त्री-पुरुष हे आपण कल्पिलेले भेद नसून देह हे देवाचे दान आहे, ही ख्रिस्तसभेची शिकवण आम्ही मानतो. एप्रिल २०२४ मध्ये व्हॅटिकनने मानवी प्रतिष्ठेविषयी प्रसिद्ध केलेल्या घोषणापत्रात ती पुन्हा ठामपणे मांडली आहे. त्याच घोषणापत्रात कोणाही माणसाचा अवमान होऊ नये, कोणाला अन्यायाने वेगळे काढू नये, असेही म्हटले आहे. दोन्ही गोष्टी एकाच पत्रकात आहेत. आपण मात्र आपल्या सोयीचे पान तेवढे उघडतो.

साक्षीचे मात्र तसे नाही. तेथे शब्दाने वस्तुस्थिती झाकली तर अनर्थ होतो. २०१९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतील एका प्रसंगाची नोंद आली. पोटात तीव्र वेदना होत असलेली एक व्यक्ती रुग्णालयात आली. कागदोपत्री पुरुष, देह स्त्रीचा. घरी केलेल्या चाचणीत गर्भ असल्याचे दिसले, हेही तिने सांगितले होते. परंतु कागदावर 'पुरुष' लिहिलेले, अंगाने स्थूल, रक्तदाब वाढलेला. तपासणाऱ्या परिचारिकेला त्यात तातडीचे काही वाटले नाही. काही तासांनी गर्भ असल्याचे ध्यानात आले, धावपळ झाली, पण बाळ मृत जन्मले. त्या परिचारिकेने कोणाचा अपमान केला नव्हता. तिने कागदावरचा शब्द प्रमाण मानला, इतकेच. ज्या शब्दाने एका माणसाला सन्मान द्यावयाचा होता, त्याच शब्दाआड त्याचे बाळ दिसेनासे झाले. म्हणून आम्ही त्या भगिनीला कळवणार आहोत की, हाक रुग्णाच्या इच्छेप्रमाणे मार, पण रुग्णाच्या कागदावर देहाविषयी जे खरे आहे ते खरे तसे लिही. तिथे संकोच करू नकोस.

खाटेजवळची भाषा अशी जुळवून घेता येते. सर्वांसाठी काढलेल्या पत्रकांची भाषा मात्र एकेका रुग्णाप्रमाणे बदलत नाही. तेथे नवे शब्द जोडीला येण्याऐवजी जुन्यांच्या जागी येऊ लागले की नुकसान होते, आणि ते बहुधा सर्वांत अडाणी, सर्वांत गरीब स्त्रीचे होते. ऑस्ट्रेलियातील कॅरलीन ग्रिबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली एका लेखात हा धोका मांडला. 'आई' च्या जागी 'पालक' किंवा 'कुटुंब' लिहिले की सूचना कोणासाठी आहे तेच कळेनासे होते. अवयवांच्या नावाने स्त्रियांना संबोधले तर कमी शिकलेल्या, किंवा ती भाषा परकी असलेल्या स्त्रीला आपल्याविषयीच बोलणे चालले आहे हे समजत नाही. साधे उदाहरण घेऊ. 'बाळाला पहिले सहा महिने आईने केवळ आपले दूध पाजावे' या वाक्यात 'आईने' काढून 'पालकाने' घातले, तर बिचाऱ्या बापाने काय करावे?

गडचिरोलीत डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी खेड्यांतील अल्पशिक्षित स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून शिकवून तयार केले. घरोघरी जाऊन तान्ह्या बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, त्याला ऊब देणे, आईला चार गोष्टी समजावणे ही त्यांची कामे. त्या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. हा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला, आणि तो त्याच 'लॅन्सेट'मध्ये! शेणाने सारवलेल्या ओसरीवर बसून एक बाई दुसरीला जे सांगते, ते तिच्या घरच्या बोलीत असावे लागते. तेथे शब्द अडखळला तर बाळ दगावते.

आणि या बाबतीत आपली मराठी गरीब आहे असे कोणी समजू नये. इंग्रजीत ज्यासाठी नवा शब्द घडवावा लागला, ते आपल्या आज्या 'अंगावर पाजणे' म्हणत आल्या आहेत. त्यात अवयवाचे नाव नाही, तरी कोणाला काही विचारावे लागत नाही. 'ती मोकळी झाली' म्हटले की बाळंतपण झाले हे कळते. तान्ह्याला तर आपण नपुंसकलिंगच दिले आहे. ते बाळ, ते लेकरू, ते मूल. मुलगा की मुलगी हे विचारण्याआधी 'ते रडले का?' हे विचारण्याची सोय व्याकरणानेच करून ठेवली आहे. खरी गरज असते तेव्हा नवा शब्दही आपल्याकडे येतो. २७ नोव्हेंबर १९८९ रोजी मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या प्रयत्नांनी आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी सुरू झाली. अपुऱ्या दिवसांच्या ज्या बाळांना स्वतःच्या आईचे दूध मिळू शकत नव्हते, त्यांच्यासाठी अन्य मातांनी दिलेले दूध तेथे साठविले जाऊ लागले. येथे 'मानवी दूध' हाच शब्द योग्य होता, कारण ते त्या बाळाच्या आईचे नव्हते. आजही सरकारी मार्गदर्शिकेत 'स्वतःच्या आईचे दूध' आणि 'दात्या मातेचे दूध' असा भेद केला जातो. हा भेद बाळाच्या हिताचा आहे. म्हणून 'मानवी दूध' या शब्दाशी आमचे भांडण नाही. आपल्याच लेकराला पाजणाऱ्या स्त्रीच्या दुधाला केवळ 'मानवी' म्हणून तिला त्या वाक्यातून वगळले, तर मात्र आहे.

अवयवांच्या नावाने स्त्रीला ओळखण्याचा मोह जुनाच आहे. प्रभू येशू शिकवीत असताना गर्दीतून एक बाई त्याच्या मातेची स्तुती करते, ती तिच्या उदराची आणि स्तनांची. हेतू प्रेमाचाच होता. प्रभूने त्या बाईला झिडकारले नाही. पण देवाचा शब्द ऐकून तो पाळणाऱ्याला धन्य म्हटले. यात त्याने आपल्या आईला कमी लेखले असे काहींना वाटते. आम्हांला तसे वाटत नाही. त्या बाईने मरियेचा देह तेवढा पाहिला होता. प्रभूने तिला पूर्ण व्यक्ती म्हणून पुढे आणले, जिने ऐकले आणि होकार दिला.

ख्रिस्तसभेने तर एका आईच्या एका शब्दासाठी अख्खी परिषद भरविली आहे. पाचव्या शतकात कॉन्स्टॅन्टिनोपलचे धर्माध्यक्ष नेस्टोरियस यांना मरियेसाठी रूढ असलेला 'देवमाता' हा शब्द खटकू लागला. देवाला आई कशी असेल? 'ख्रिस्तमाता' म्हणावे, म्हणजे कोणाचाही गैरसमज व्हायचा नाही. नेस्टोरियस हे काही दुष्ट गृहस्थ नव्हते. काटेकोर बोलावे, एवढीच त्यांची इच्छा होती. अलेक्झांड्रियाच्या संत सिरिल यांनी त्यांना विरोध केला. (संत सिरिल यांचा स्वभाव मवाळ होता असे मात्र इतिहास सांगत नाही.) त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा की, आई एखाद्या स्वभावाला किंवा देहाला जन्म देत नाही, ती कोणाला तरी जन्म देते. मरियेच्या उदरी आला तो देवपुत्र, म्हणून ती देवमाता. ४३१ साली इफिस येथील परिषदेने हा शब्द उचलून धरला. त्या रात्री इफिसच्या लोकांनी मशाली घेऊन धर्माध्यक्षांना त्यांच्या मुक्कामी पोहोचविले.

सेमिनरीत हा धडा आम्ही ख्रिस्तविद्येचा म्हणून शिकलो. या परिचारिकेच्या प्रश्नाने तो पुन्हा वाचावयास लावला. परिषदेने मरियेला दिलेल्या त्या नावाने रक्षण झाले ते तिच्या पुत्राच्या ओळखीचे. आई हा शब्द मुलाच्या बाजूने उच्चारावयाचा आहे. 'जन्म देणारी व्यक्ती' हे वर्णन सुईणीच्या जागेवरून केलेले आहे. ते चूक नाही, पण त्यात जन्मलेल्याचा पत्ता नाही. चौथ्या बाकावर बसलेली ती स्त्री आई होती की नव्हती, हे उपस्थितांच्या टाळ्यांवर अवलंबून नव्हते. जिचे मूल होते, ती आई होती.

आता वाचक म्हणतील, मग त्या इंग्लंडमधील बाळाचे काय? त्यालाही आई असावयास हवी की नको? हा प्रश्न आम्हांलाही सुटलेला नाही. पण आपल्याच देशातील दोन प्रसंग आम्हांला उपयोगी वाटतात.

पहिल्यातील माता आपल्यापैकीच, म्हणजे ख्रिस्ती होती. अविवाहित, स्वतःच्या पायांवर उभी. २०१० साली तिला मुलगा झाला. आपल्या ठेवींवर आणि विम्यावर त्याचे नाव लावावे म्हणून ती गेली, तर बापाचे नाव सांगा किंवा पालकत्वाचा दाखला आणा, असे सांगण्यात आले. बापाचे नाव उघड करावयाचे नाही, म्हणून दिल्लीतील न्यायालयांनी तिचा अर्ज फेटाळला. ६ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला आणि अविवाहित मातेला केवळ प्रतिज्ञापत्रावर मुलाचा जन्मदाखला मिळावा असा आदेश दिला. दुसरा प्रसंग केरळातील कोझिकोडचा. एका पारलिंगी जोडप्याला फेब्रुवारी २०२३ मध्ये बाळ झाले. जिच्या उदरातून ते आले ती व्यक्ती पुरुष म्हणून जगत होती, आणि तिची जोडीदार स्त्री म्हणून. दाखल्यावर 'आई' व 'बाप' असे रकाने न ठेवता दोघांचाही 'पालक' म्हणून उल्लेख करावा, अन्यथा शाळेपासून पारपत्रापर्यंत आपल्या लेकराला जागोजागी खुलासे करीत बसावे लागेल, अशी त्यांची विनवणी. जून २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ती मान्य केली.

पहिल्या निकालाने आम्हांला आनंद झाला. दुसऱ्याने आम्ही बुचकळ्यात पडलो, हे कबूल करतो. परंतु दोन्हींकडे न्यायालयासमोर एक मूल होते, आणि कागदावरचा एक रकाना त्याच्या वाटेत आडवा आला होता. कोझिकोडच्या एका दाखल्यावर 'पालक' लिहिल्याने आमच्या धर्मग्रामातील कोणत्या आईचे काय गेले, हे शोधूनही आम्हांला सापडले नाही. उद्या सर्वांच्याच दाखल्यांवरून 'आई' हा रकाना काढून टाकावयाचा म्हटले, तर आम्ही विरोध करू. काही वाचकांना हे आमचे मत पटणार नाही. त्यांनी जरूर लिहावे.

समावेश करावयाच्या भरात मुख्य वस्तूच कशी निसटते, याचा धडा आम्हां धर्मगुरूंना अगदी आमच्याच अंगणात मिळाला आहे. काही ठिकाणी स्नानसंस्कार देताना धर्मगुरू 'मी तुला स्नानसंस्कार देतो' असे न म्हणता, आईवडील, धर्ममाता-धर्मपिता, आजी-आजोबा, मित्रमंडळी आणि सारा समाज यांच्या वतीने 'आम्ही तुला स्नानसंस्कार देतो' असे म्हणू लागले. कोणी वगळले जाऊ नये ही भावना. ऑगस्ट २०२० मध्ये व्हॅटिकनने निर्णय दिला की असा संस्कार मुळी झालाच नाही, कारण त्या क्षणी संस्कार देणारा ख्रिस्त असतो, जमलेली मंडळी नव्हे. अमेरिकेतील फिनिक्स धर्मप्रांतात 'आम्ही' म्हणणाऱ्या एका धर्मगुरूंमुळे हजारो लोकांना आपला स्नानसंस्कार झालाच नव्हता हे २०२२ साली कळले. लेख लिहिताना आम्ही 'आम्ही' म्हणतो. स्नानकुंडापाशी मात्र 'मी'च म्हणतो, आणि त्या दिवसापासून जरा सावकाश म्हणतो.

कचेरीतील काही गोष्टी आम्ही बदलल्या आहेत. नोंदणीला आलेल्या एकट्या मातेला बापाचे नाव चारचौघांत विचारीत नाही. दार लावून विचारतो, आणि तिला सांगावयाचे नसेल तर पुढच्या रकान्याकडे वळतो. धर्मसंहितेत त्याची तरतूद आहेच. मातृदिनाला आता कोणाला उभे राहावयास सांगत नाही. फुलांची टोपली मरियेच्या पुतळ्यापाशी ठेवतो. ज्याला हवे त्याने घ्यावे. पहिल्या वर्षी काही पुरुषांनीही घेतली, तेव्हा युवकांना हसू आले होते.

नोंदवहीत मात्र 'आई' आणि 'वडील' हे दोन रकाने आहेत तसेच आहेत, आणि ते राहावेत असेच आम्हांला वाटते. कोझिकोडसारखे एखादे जोडपे उद्या बाळ घेऊन आमच्या दारी आले तर त्या रकान्यांत काय लिहावयाचे, हे आज आम्हांला सांगता येत नाही. बिशप महोदयांना विचारावे लागेल. ते कदाचित रोमला विचारतील. उत्तर येईपर्यंत ते लोक बाहेर व्हरांड्यात बसून राहणार नाहीत, एवढे आम्ही पाहू. विधीतील पहिला प्रश्न तर त्यांनाही विचारता येईल. बाळाचे नाव काय ठेवले आहे, हा तो प्रश्न.